ब्रिटनीत दहा दिवस पायी: कुठली वाट धरावी, कुठली सोडावी

प्रश्न असा आहे. जूनमध्ये दहा रात्री हाताशी आहेत. चौघं जण: नवरा-बायकोला सह्याद्रीत चालायची सवय आहे, सोबत साठी ओलांडलेले आई-वडील. गाडी शक्यतो भाड्याने घ्यायची नाही. जीआर 34 ही फ्रान्सच्या पश्चिम टोकाला असलेल्या ब्रिटनीची समुद्राकाठची लांब पल्ल्याची पायवाट ऐकून माहीत आहे. तिचा कोणता भाग चालावा, आणि आतल्या जुन्या गावांतून जाणाऱ्या वाटांचं काय करावं?

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका: जीआर 34 'पूर्ण करणं'. मों-सें-मिशेलच्या उपसागरापासून सें-नाझेरपर्यंत किनाऱ्याची प्रत्येक दुमड घेत जाणारी ही वाट दोन हजार किलोमीटरच्या वर आहे. रोज वीस किलोमीटर चाललात तरी तीन महिन्यांहून जास्त लागतील. शिवाय ती खाडी आली की खाडीच्या मुखाशी थांबत नाही. आत, पूल सापडेपर्यंत जाते आणि दुसऱ्या काठाने परत समुद्राकडे येते. नकाशावर समोर दिसणारं गाव पाण्यावरून दोन किलोमीटर आणि पायी वीस, असं इथे वारंवार होतं. सलग चालायचा हट्ट धरलात तर दहापैकी तीन-चार दिवस खाडीकाठच्या चिखलाच्या कडेने जातील. त्यापेक्षा तीन-चार मुक्काम ठरवा आणि प्रत्येक मुक्कामाहून उत्तम तेवढेच तुकडे चाला.

ही वाट मुळात कस्टमच्या शिपायांची. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर, 1791 पासून, चोरटा माल उतरवणाऱ्यांवर नजर ठेवायला शिपाई किनाऱ्याने गस्त घालत. म्हणून ती शक्य तितकी कड्याला चिकटून जाते आणि प्रत्येक लहान पुळणीवर उतरून पुन्हा चढते. विसाव्या शतकात ती झाडोऱ्यात गेली. 1968 पासून स्वयंसेवकांनी तुकड्या-तुकड्याने मोकळी केली. 1976 च्या कायद्याने खासगी जमिनीतूनही किनाऱ्यालगत तीन मीटरची पट्टी पादचाऱ्यांना खुली झाली. त्यामुळे कोणाच्या बागेच्या कुंपणालगतून वाट गेली तरी संकोच करू नका, पट्टी मात्र सोडू नका. या वाटेवर सायकलला मनाई आहे.

तुमच्यासाठी मी असा क्रम लावेन: सें-मालो दोन रात्री, पेरो-गिरेक तीन, मोर्ले दोन, कामारे तीन. शेवटी केम्पेरहून पॅरिसची रेल्वे. हे सगळं रेल्वे आणि बसने जमतं. फक्त मोर्लेच्या मुक्कामात एक दिवस गाडी असली तर बरं. मोटारीचा विचार झालाच तर ब्रिटनीतल्या द्रुतगती रस्त्यांना टोल नाही. ऑटोमॅटिक गाड्या मात्र कमी असतात, त्या बऱ्याच आधी सांगून ठेवाव्या लागतात.

आधी भरती-ओहोटी, मग अंतर

कोकणात फिरलेल्यांना उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (लहान भरती-ओहोटी) समजावून सांगायला नकोत. फरक आहे तो मापाचा. मुंबईला मोठ्या उधाणात भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो. सें-मालोला तो बारा मीटरच्या वर जातो. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीत चालत जायचा अंदाज इथे वापरलात तर फसाल. पाणी किती पसरतं आणि किती लवकर येतं, दोन्ही वेगळं आहे.

फ्रान्समध्ये भरतीचा जोर एका आकड्याने सांगतात. त्याला 'कोएफिसियां' म्हणतात आणि तो 20 ते 120 च्या दरम्यान असतो. 45 च्या आसपास भांग, 70 मध्यम, 95 च्या वर उधाण. हा आकडा पर्यटन कार्यालयात फुकट मिळणाऱ्या छोट्या पुस्तिकेत, स्थानिक वर्तमानपत्रात, बंदरावरच्या फलकावर असतो. अमावास्या-पौर्णिमेनंतर साधारण दीड-दोन दिवसांनी तो सर्वांत जास्त असतो.

भरती आणि ओहोटीत सहा तासांहून थोडं जास्त अंतर असतं, पण पाणी सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक असं पाणी वाढतं. फरक नऊ मीटरचा असेल तर तिसऱ्या तासातच सव्वादोन मीटर पाणी चढतं. म्हणजे ओहोटीनंतरचा पहिला तास काही झालंच नाही असं वाटतं, आणि लोक अडकतात ते त्यानंतर. ओहोटीत मोकळ्या होणाऱ्या वाटेने बेटावर जायचं असेल, उदाहरणार्थ सें-मालोच्या तटासमोरचं ग्रां बे, जिथे शातोब्रियां या लेखकाची समाधी आहे, किंवा कारांतेकजवळचं कालो बेट, तर ओहोटीच्या दोन तास आधी निघा आणि ओहोटीनंतर तासाभरात परतीला लागा. फलकावर जाण्या-येण्याची वेळ लिहिलेली असेल तर तीच अंतिम. वाट पाण्याखाली गेली असेल तर गुडघाभर पाण्यातूनही जाऊ नका, प्रवाह आडवा ओढतो. बेटावर थांबा, सहा तासांनी वाट मोकळी होते.

दोन चुका नेहमी होतात. पहिली, एका गावाचं कोष्टक दुसऱ्या गावाला लावणं. सें-मालोची भरती ब्रेस्तच्या भरतीनंतर साधारण दोन तासांनी येते. ब्रेस्तजवळच्या क्रोझोंसाठी छापलेली वेळ सें-मालोला लावून निघालात तर बेटाकडे जायची वाट अजून पाण्याखालीच असेल; उलट, सें-मालोची वेळ क्रोझोंला लावलीत तर परतीची वाट बुडालेली असेल. दुसरी, घड्याळाची: काही कोष्टकं हिवाळी वेळेत छापलेली असतात, जूनमध्ये त्यात एक तास मिळवावा लागतो. कोष्टकाच्या वरच्या ओळीत ते लिहिलेलं असतं, पण ती ओळ कोणी वाचत नाही.

उधाणाच्या दिवसांत सें-मालोला भरती सकाळी आणि संध्याकाळी असते, ओहोटी दुपारी. भांगात हे उलटतं. बेटं पायी पाहायची असतील तर सें-मालोच्या तारखा उधाणाला जुळवून घ्या. पेरो-गिरेकचं सौंदर्य दोन्ही वेळांना वेगळं आहे, तिथे जुळवाजुळव करायची गरज नाही.

सें-मालो आणि कांकाल

तटबंदीच्या आतलं शहर ऑगस्ट 1944 च्या लढाईत जवळपास जळून गेलं आणि पुन्हा जुन्या धाटणीत उभं केलं. तटावरून पूर्ण फेरी सुमारे पावणेदोन किलोमीटर. पॅरिसहून आल्या दिवशी संध्याकाळी ती पुरे. जूनअखेर सूर्य रात्री दहानंतर मावळतो, त्यामुळे उशीर झाला म्हणून काही चुकत नाही.

दुसऱ्या दिवशी बसने कांकालला जा आणि खाली ला उल बंदरापासून उत्तरेला ग्रुएं टोकाकडे चाला. अंतर सुमारे सात किलोमीटर, वेळ अडीच तास. पाइनच्या झाडांतून वाट कड्याच्या कडेने वर-खाली होत जाते, उजवीकडे खाली कालवांची शेतं ओहोटीत उघडी पडतात, हवा स्वच्छ असेल तर उपसागरापलीकडे मों-सें-मिशेलचा सुळका दिसतो. टोकासमोरचं लांद बेट पक्ष्यांसाठी राखीव आहे. कांकाल ते सें-मालो पूर्ण अंतर एका दिवसात करायचा मोह होतो. ते तीसच्या वर जातं आणि शेवटचा भाग वस्तीतून आहे. मी ते करणार नाही. ग्रुएंहून मागे पोर-मेरच्या पुळणीवर येऊन थांबावं.

आई-वडिलांना चढ-उतार नको असेल तर त्या दिवशी त्यांनी दिनांला जावं. जेर्झुआल नावाची दगडी फरसबंदीची उतरण तटातून थेट रांस नदीच्या बंदरावर उतरते. ती ओली असताना फार निसरडी होते, कठड्याच्या बाजूने उतरावं. खाली नदीकाठच्या सपाट वाटेने लेओंचा जुना मठ दोनेक किलोमीटरवर आहे. परतताना पुन्हा जेर्झुआल चढण्याऐवजी लेओंहून वरच्या रस्त्याने शहरात यावं.

गुलाबी ग्रॅनाइट

इथे तीन रात्री द्या. सें-मालोहून रेल्वेने रेन, तिथून ब्रेस्तच्या मार्गावर प्लुआरे किंवा थेट लानियों, आणि लानियोंहून पेरो-गिरेकला बस. अर्धा दिवस जातो.

सर्वांत प्रसिद्ध तुकडा पेरो-गिरेकच्या त्रेस्त्राऊ पुळणीपासून प्लुमानाकच्या सें-गिरेक पुळणीपर्यंत. सुमारे पाच किलोमीटर, चढ नगण्य, वाट रुंद. आई-वडील आरामात चालतील. हा कातळ सुमारे तीस कोटी वर्षांचा. जमिनीखाली थिजलेला ग्रॅनाइट भेगांमधून कुजला, भुसा झालेली माती पाण्याने वाहून गेली आणि मधले गाभे एकावर एक रचल्यासारखे उरले. गुलाबी रंग त्यातल्या फेल्डस्पारचा. मीन रुझ दीपगृह याच दगडाचं आहे. आधीचं 1944 मध्ये जर्मनांनी उडवलं, त्यानंतर हे बांधलं.

वेळ निवडताना भरतीपेक्षा उजेडाकडे बघा. दुपारी बारा ते चार दगड फिकट दिसतात आणि गर्दीही तेव्हाच असते. संध्याकाळी सातनंतर त्रेस्त्राऊहून निघा. नऊच्या सुमारास दीपगृहाजवळ पोचाल तेव्हा पश्चिमेचा उजेड दगडांवर तिरपा पडतो. परतीची बस त्या वेळी नसते, तेव्हा आल्या वाटेने परत यायचं धरूनच चला.

एक विनंती. वाटेच्या दोन्ही बाजूंना दोरी बांधलेली आहे. दगडांवर चढून फोटो काढणाऱ्यांच्या पायांनी इथली झुडपं एकेकाळी पार नाहीशी झाली होती. दोरी लावल्यावर ती परत आली. दोरीच्या आतच राहा.

सह्याद्रीत चालणाऱ्या दोघांनी दुसऱ्या दिवशी प्लुमानाकहून पुढे जावं. दोन गावांच्या सीमेवर भरतीच्या पाण्यावर चालणारी जुनी गिरणी आहे; तिच्यामागून त्राउएरोची घळ आत शिरते. झाडीत दडलेले प्रचंड दगड, खालून गुडगुडणारा ओढा. वारा फार असेल त्या दिवसासाठी ही वाट राखून ठेवा, कारण आत वारा लागत नाही. मात्र पाऊस पडून गेला असेल तर दगडांवर शेवाळ असतं. घळीतून वर जाऊन त्रेगास्तेलच्या बाजूला उतरा आणि रनोत बेटाला, जे आता वाळूच्या पट्ट्याने जोडलेलं आहे, फेरी घाला. त्रेगास्तेल ते त्रेबर्दन हा पुढचा भाग सपाट, दलदलीलगतचा. वेळ कमी असेल तर तोच वगळा.

तिसरा दिवस ब्रेआ बेटाला. पांपोलपलीकडच्या आर्कुएस्त धक्क्यावरून होडी दहा मिनिटांत पोचवते, बेटावर मोटारी नाहीत. पेरोहून बसने जाणं वेळखाऊ आहे, चौघांत टॅक्सी परवडू शकते. इथे भरतीचा वेगळाच परिणाम होतो: पाणी कमी झालं की होडी बंदराच्या जवळच्या धक्क्याला लागू शकत नाही, ती लांबच्या धक्क्याला लागते आणि तिथपर्यंत दगडी वाटेने बरंच चालावं लागतं. शेवटची होडी कुठल्या धक्क्यावरून सुटणार ते उतरतानाच विचारून घ्या. ज्येष्ठ मंडळींसोबत धावपळ होते ती इथेच.

मोर्ले: लिननच्या पैशांची गावं

किनारा सोडून आत यायचं ते या भागासाठी. सोळाव्या-सतराव्या शतकात या भागातले शेतकरी-व्यापारी जवसाच्या धाग्याचं कापड, म्हणजे लिनन, विणून मोर्लेच्या बंदरातून इंग्लंडला पाठवत. त्या पैशांतून शेजारशेजारच्या गावांनी चढाओढीने देवळं बांधली: एकाच आवारात चर्च, अस्थिगृह, विजयकमान आणि मधोमध ख्रिस्ताच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेला दगडी स्तंभ. गिमिलियोचा स्तंभ 1581 ते 1588 मधला, त्यावर सुमारे दोनशे आकृत्या आहेत. सें-तेगोनेकचा 1610 चा. लांपोल-गिमिलियोच्या आत रंगवलेली आडवी तुळई आहे, ती चुकवू नका.

ही तिन्ही गावं एका दिवसाच्या चालीत बसतात: सें-तेगोनेकहून गिमिलियो सुमारे आठ किलोमीटर, तिथून लांपोल चार, आणि पुढे लांदिविझियोला रेल्वे. वाट शेतांतून, उंच बांधांमधल्या खोल गाडीवाटांतून जाते. या गाडीवाटा जूनमध्येही चिखलाच्या असतात, कारण दोन्ही बाजूंच्या झाडांमुळे ऊन पोचत नाही. कॅनव्हासचे बूट इथे उपयोगाचे नाहीत. चर्च दुपारी बारा ते दोन बंद असू शकतं, म्हणून सें-तेगोनेक सकाळी लवकर गाठा. आई-वडिलांनी गाडीने तिन्ही ठिकाणी भेटावं. गाडी एकच दिवस घेणार असाल तर ती याच दिवशी घ्या.

दुसरा दिवस उएलगोआत या तळ्याकाठच्या गावाचा. तळ्याच्या मुखाशीच दगडांचा ढीग सुरू होतो, ओढा त्याखाली गडप होतो. शंभर टनांहून जड असलेला डुलणारा दगड योग्य जागी पाठ लावून रेटला तर हलतो. कुठे रेटायचं ते दगडाच्या झिजलेल्या कडेवरून कळतं. तिथून जंगलातून 'गूफ्र' नावाच्या धबधब्यापर्यंत आणि जुन्या चांदी-शिशाच्या खाणीसाठी खोदलेल्या कालव्याच्या काठाने परत, अशी फेरी तीन-चार तासांची होते. कालव्याकाठचा भाग अगदी सपाट आहे. आई-वडिलांनी तेवढाच चालावा. सैतानाच्या गुहेत उतरायची लोखंडी शिडी ओली असते, गुडघे दुखणाऱ्यांनी उतरू नये. ऑक्टोबर 1987 च्या वादळात इथली बहुतेक मोठी झाडं पडली. आज दिसतं ते बरंचसं त्यानंतरचं जंगल आहे.

मोर्लेहून दक्षिणेला दिसणारे आरेचे डोंगर चारशे मीटरच्याही आतले. आपल्याकडच्या मापाने टेकाडच, पण माथ्यावर झाड नाही आणि धुकं पाच मिनिटांत उतरतं. खाली दलदलीचा पीटचा पट्टा आहे. वाट सोडून सरळ उतरू नका. जुलै 2022 च्या वणव्यात इथला मोठा भाग जळाला. उन्हाळ्यात आगीचा धोका जाहीर झाला की वाटा बंद होतात, अशा दिवशी फलक असेल तिथूनच मागे फिरावं.

क्रोझों: चालणाऱ्यांची खरी कसोटी

या प्रवासातला सर्वांत उत्तम भाग हाच, म्हणून तो शेवटी ठेवला. तोवर पाय तयार होतात. मोर्लेहून रेल्वेने ब्रेस्त, पुढे बसने क्रोझों आणि कामारे.

कामारे बंदराच्या बांधावरचा, गड बांधणारा लष्करी इंजिनियर वोबां याचा मनोरा 1690 च्या दशकातला. जून 1694 मध्ये इंग्रज-डच आरमाराचा हल्ला इथेच परतवला. वोबांच्या इतर गडांसोबत तो 2008 पासून जागतिक वारसा आहे. तिथून ग्रां गुएं, तुलिंगे टोक, पॅन-हातची पुळण, पॅन-इर आणि पुढे वेर्याकची पुळण, मग लागाजारच्या उभ्या दगडांपाशी वळून गावात. ही फेरी बारा-तेरा किलोमीटरची, जेवणासकट पाच तास. लागाजारचे सत्तरेक पांढरट दगड 1928 मध्ये पुन्हा उभे केले आहेत आणि त्यांच्यात मोकळं फिरता येतं. पॅन-इरचा कडा सत्तर मीटर सरळ खाली जातो आणि बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहत असेल तेव्हा कडेपासून दोन मीटर आत राहा. मेतेओ-फ्रान्स या हवामान खात्याचा पिवळा किंवा नारिंगी इशारा असेल तर हा भाग त्या दिवशी नकोच.

दुसऱ्या दिवशी बसने मॉर्गा आणि तिथून शेव्र टोकाकडे. नकाशावर आठ-नऊ किलोमीटर दिसतात, चार तास धरा: वाट प्रत्येक घळीत उतरते आणि पलीकडे चढते. मधेच खाली हिरव्या पाण्याची 'इल व्हिएर्ज' पुळण दिसते. दरडी कोसळत असल्यामुळे खाली उतरायला बंदी आहे. समाजमाध्यमांवरचे फोटो बघून लोक तरी उतरतात. तुम्ही वरूनच बघा. टोकानंतर पश्चिमेच्या बाजूने ला पाल्यू आणि लोसमार्क या लांबलचक पुळणी येतात. तिथे पोहायला मनाई आहे, आणि ती खरोखर जिवासाठी आहे: लाटांखालचा ओढा माणसाला आत नेतो. घोटाभर पाण्यात पाय भिजवायचे तेवढेच.

वेगाचा हिशेब असा ठेवा: कड्यावरच्या वाटेवर तासाला तीन ते साडेतीन किलोमीटर, सपाट कालव्याकाठी साडेचार. नुसत्या किलोमीटरवर दिवस आखला की संध्याकाळची बस चुकते.

शेवटच्या दिवशी केम्पेरकडे जाताना वाटेत लोक्रोनान. चौकातली ग्रॅनाइटची घरं शिडाच्या कापडाच्या व्यापारावर उभी राहिली. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचं जुनं घरही त्याच चौकात आहे. इथल्या भूमीला घालायची मोठी प्रदक्षिणा, ग्रां त्रोमेनी, बारा किलोमीटरची, बारा थांब्यांची आणि सहा वर्षांतून एकदाच असते. 2025 ला झाली, आता 2031 ला. आषाढीच्या सुमारासच, जुलैत, झेंडे आणि पालख्या घेऊन उभ्या शेतांतून जाणारी ती मिरवणूक वारी पाहिलेल्या माणसाला लगेच आपली वाटेल. छोटी फेरी दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी होते, तुमच्या तारखा थोड्या पुढे सरकवता आल्या तर विचार करा.

उभ्या दगडांच्या रांगांसाठी प्रसिद्ध असलेलं कार्नाक जमेल का, असाही प्रश्न येतोच. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या ज्या बैठकीत मराठ्यांचे बारा किल्ले वारशाच्या यादीत आले, त्याच बैठकीत कार्नाकचे दगडही आले, त्यामुळे ओढ वाटणं साहजिक आहे. पण एप्रिल ते सप्टेंबर दगडांच्या रांगांमध्ये फक्त मार्गदर्शकासोबत सोडतात. जूनमध्ये तुम्ही कुंपणाच्या बाहेरून चालाल. या दहा दिवसांत ते बसवू नका.

खुणा, नकाशा, पाय

वर पांढरी, खाली लाल पट्टी म्हणजे जीआर. पिवळी पट्टी म्हणजे गावाभोवतीची फेरी, बहुधा सहा ते पंधरा किलोमीटरची, निघाल्या जागी परत आणणारी. आई-वडिलांसोबत याच फेऱ्या बघा. फुली म्हणजे चुकीची दिशा. खूण पाच-सात मिनिटं दिसली नाही की शेवटच्या खुणेपर्यंत मागे या. सर्वांत जास्त चुकामूक पुळणींवर होते, कारण वाळूत खूण कुठे मारणार? पुळणीवर उतरण्याआधी पलीकडची पायऱ्यांची जागा वरूनच हेरून ठेवा. दरडीमुळे वाट वळवली असेल तर जागेवरचा फलक मोबाइलमधल्या रेषेपेक्षा खरा. आयजीएन या फ्रेंच सरकारी नकाशा संस्थेचा 1:25,000 चा कागदी नकाशा घ्या: चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर.

पावसासाठी पोंचो नको, कड्यावर तो शिडासारखा फुगतो. जाकीट आणि वरून घालायची पँट हवी. छत्री घरी ठेवा. कोरडा ग्रॅनाइट पायाला छान धरतो, पण भरतीच्या रेषेजवळचा काळा पट्टा आणि हिरवं शेवाळ ओलं असताना काचेसारखं होतं. जूनमध्ये नेचे कमरेपर्यंत वाढलेले असतात आणि त्यात गोचिडी असतात: लांब पँट, मोज्यात खोचलेली, आणि रात्री गुडघ्यामागे, काखेत, कमरेपाशी तपासणी. औषधाच्या दुकानात गोचीड काढायचा छोटा आकडा मिळतो. तो अडकवून फिरवत काढा, तेल किंवा आग लावू नका. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल वर्तुळ पसरलं तर डॉक्टरांना दाखवायचंच.

पुळणीवर कुजलेल्या हिरव्या शेवाळाचा थर आणि सडक्या अंड्याचा वास आला तर तिथे थांबू नका. त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो आणि तो प्राणघातक ठरू शकतो. हा प्रकार मुख्यतः सें-ब्रिएकच्या उपसागरात आणि लानियोंजवळच्या सें-मिशेल-आं-ग्रेव्हला होतो, म्हणून मी ते दोन्ही भाग तुमच्या आखणीत घेतलेले नाहीत.

खाणं, पाणी, बस

दीड-दोन लिटर पाणी प्रत्येकी. वाटेवरच्या सुंदर दगडी झऱ्यांचं पाणी पिऊ नका. गावातल्या दफनभूमीच्या फाटकाशी नळ असतो. तिथेही 'नों पोताब्ल' लिहिलेलं नाही ना, ते बघा. दुकानं दुपारी बारा ते दोन बंद, रविवारी दुपारनंतर बंद, लहान गावांत सोमवारीही बंद. म्हणून दुपारचं जेवण सकाळीच पिशवीत हवं.

शाकाहारी मंडळींचं इथे बरं चालतं. काळ्या गव्हाचं, म्हणजे आपल्या कुट्टूच्या पिठाचं, 'गालेत' हे खारं धिरडं प्रत्येक गावात मिळतं. 'कोंप्लेत' मध्ये अंडं, चीज आणि डुकराचं मांस असतं. 'सां जांबों' म्हटलं की मांस वगळतात. तवा लोण्याने पुसतात की चरबीने, ते कडक शाकाहारी असाल तर विचारा: 'ओ बर?' म्हणजे लोण्यात का. अंडं न खाणाऱ्यांनी पिठात अंडं घातलंय का हेही विचारावं, काही ठिकाणी घालतात. रात्री नऊनंतर लहान गावातलं क्रेपचं दुकान बंद होतं. संध्याकाळच्या उजेडात चालायचं ठरवलंत तर आधी जेवून निघा.

सामान पुढच्या मुक्कामी पोचवणाऱ्या सेवा हंगामात मिळतात, पण या आखणीत त्यांची गरज नाही. किनाऱ्यावर तंबू ठोकायचा बेत असेल तर सोडा; बहुतेक टोकं संरक्षित आहेत आणि तिथे तंबूला बंदी आहे. बऱ्याच गावांत नगरपालिकेचा साधा, स्वस्त कॅम्पिंगचा तळ असतो.

राहायच्या जागा घेताना कामारेपासून सुरुवात करा, तिथे खोल्या सर्वांत कमी आहेत. सें-मालो आणि मोर्ले शेवटी घेतलं तरी चालतं. रविवार कुठल्या मुक्कामात येतो ते बघा: रविवारी बस फारच कमी असतात, काही मार्गांवर नसतातच, आणि जुलैआधी उन्हाळी वेळापत्रक सुरू झालेलं नसतं. रविवार पेरो-गिरेकला येऊ द्या, कारण तिथली मुख्य वाट मुक्कामाच्या दारातूनच सुरू होते. अपघात झाला तर 112. कोणी पाण्यात किंवा कड्याखाली अडकलं असेल तर समुद्री बचाव पथकाचा 196.